इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिज खडखडतोय? आधी आवाज शोधा, मग स्क्रू फिरवा

गिटारची तार छेडली की सुराच्या मागोमाग एक बारीक ‘झर्र’ ऐकू येतं. कधी एकाच तारेवर, कधी फक्त एखाद्या सुरावर. ॲम्पचा आवाज मोठा असेल तर लक्षातही येत नाही, पण रात्री हेडफोन काढून नुसतीच वाजवायला बसलात किंवा फोनवर रील शूट केली की तो आवाज ठळक कानात भरतो. बऱ्याच वेळा हा आवाज ब्रिजमधून येत असतो आणि बऱ्याच वेळा तो घरच्या घरी, एका छोट्या ॲलन कीने बंद करता येतो.

अडचण अशी की आवाज ब्रिजचाच आहे हे ठरवण्याआधीच लोक स्क्रू फिरवायला लागतात. मग तारांची उंची बिघडते, सूर बिघडतो आणि खडखड तशीच राहते. म्हणून या लेखात मी दुरुस्तीइतकीच जागा शोधण्याला दिली आहे.

ॲम्पमध्ये ऐकू येत नाही, मग सोडून द्यायचं का?

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. वर पोलादी तार हलली की गुंडाळीत वीज निर्माण होते आणि ती ॲम्पकडे जाते. पिकअपला तारेचं हलणं कळतं, ब्रिजवरच्या सैल स्क्रूचं खुळखुळणं सहसा कळत नाही. त्यामुळे गिटार थेट ऑडिओ इंटरफेसला जोडून रेकॉर्ड केली तर खडखड जवळपास गायब असते. तीच गिटार फोनच्या माइकसमोर वाजवली की दुप्पट ऐकू येते, कारण माइक हवेतला आवाज पकडतो.

तरीही सोडून देऊ नका. ब्रिज हे तारेचं एक टोक आहे. ते टोक घट्ट नसेल तर तारेची शक्ती स्क्रू हलवण्यात खर्च होते आणि सूर लवकर मरतो. पाच तारा छान घुमतात आणि एकच ‘ठप्प’ वाटते, त्याचं कारण अनेकदा हेच असतं. शिवाय सैल स्क्रू वाजवता वाजवता आणखी सैल होत जातो आणि सॅडल हळूहळू खाली बसतं.

(सॅडल म्हणजे ब्रिजवरचा तो छोटा धातूचा तुकडा, ज्यावर तार टेकते. सहा तारांना सहा सॅडल.)

फ्रेट, सॅडल की दुसराच सैल भाग?

ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि तिला कुठलंही साधन लागत नाही. गिटार ॲम्पला न जोडता, शांत खोलीत बसा. पंखा बंद करा. हो, पंखा बंद. कपाटावरची स्टीलची भांडी आणि खिडकीची सैल काचसुद्धा गिटारच्या सुरावर वाजतात, तेव्हा एकदा जागा बदलूनही बघा.

आता ज्या तारेवर आवाज येतो ती आधी मोकळी वाजवा, मग एकेक फ्रेट दाबत वर जा.

खडखड काही फ्रेटवरच येते, बाकी ठिकाणी स्वच्छ? मग तार बहुधा पुढच्या एखाद्या फ्रेटला घासते आहे. तो ब्रिजच्या सैलपणाचा प्रश्न नाही. तारांची उंची, नेकचा बाक किंवा उचललेला फ्रेट तपासावा लागेल.

आवाज एकाच तारेवर, पण मोकळी असो की कुठलाही फ्रेट दाबलेला असो, सगळीकडे येतो? मग संशय त्या तारेच्या सॅडलवर.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा: आवाज एका ठरावीक सुरावरच येतो. समजा पाचवी तार मोकळी वाजवली की खडखड होते. हा ‘ए’, म्हणजे ११० हर्ट्झ. आता सहाव्या तारेचा पाचवा फ्रेट दाबून वाजवा, तोही ११० हर्ट्झच. तिथेही तसाच आवाज आला तर दोष पाचव्या तारेचा नाही. गिटारवर कुठेतरी एक सैल भाग आहे, जो त्या सुराला ‘ओ’ देतो. ‘डी’साठी हीच परीक्षा मोकळी चौथी तार, पाचव्या तारेचा पाचवा फ्रेट आणि सहाव्या तारेचा दहावा फ्रेट अशी तीन ठिकाणी करता येते.

प्रत्येक वस्तूला स्वतःचा एक सूर असतो, ज्यावर ती सगळ्यात जास्त थरथरते. सैल स्क्रूलाही तो असतो. त्याचा सूर वाजला की तो नाचतो, बाकी वेळ गप्प. म्हणूनच दुकानात नेल्यावर गिटार शहाण्यासारखी वागते. तिथे तुम्ही नेमका तो सूर वाजवलेलाच नसतो.

फोनचा खरा उपयोग

तिसरा प्रकार निघाला तर दोन्ही हात गिटारवर गुंतवून सैल भाग शोधणं अवघड जातं. इथे फोन तार छेडण्याचं काम करू शकतो. जर्मनीतल्या आरडब्ल्यूटीएच आखेन विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर मिळतं (स्टोअरमध्ये पी-एच-वाय-पी-एच-ओ-एक्स असं टाइप करा). त्यात टोन जनरेटर आहे. हवी ती फ्रिक्वेन्सी टाका, तो सूर सलग वाजत राहतो.

फोनच्या स्पीकरवर अवलंबून राहू नका. ८०-१५० हर्ट्झचे खालचे सूर त्याला झेपत नाहीत. फोन ब्लूटूथ स्पीकरला जोडा, गिटार मांडीवर किंवा गादीवर ठेवा आणि स्पीकर तिच्या बॉडीला अगदी लागून ठेवा. ८० हर्ट्झपासून सुरू करा, पाच-पाचने वाढवत ४०० पर्यंत जा. सहाव्या तारेचा मोकळा सूर ८२.४ आणि पहिल्या तारेचा ३२९.६ हर्ट्झ असतो, म्हणजे मोकळ्या तारांचे सगळे सूर यात येतात. तारांवर तळहात ठेवा, नाहीतर त्याच गुणगुणायला लागतील.

एखाद्या आकड्यावर ‘झर्र’ सुरू झालं की तिथेच थांबा. आता पेन्सिलच्या मागचं रबर घ्या आणि एकेक भाग हलकेच दाबत जा: प्रत्येक सॅडल, सॅडलमागच्या स्प्रिंगा, उंचीचे स्क्रू, ट्रेमोलो आर्म, पिकअपच्या कडा, पिकगार्डचे स्क्रू, केबल लावतो त्या जॅकचा नट. ब्रिजवर काही सापडलं नाही तर हेडस्टॉकवर या. तिथे खुंट्यांभोवतीचे षट्कोनी नट आणि ट्रस रॉडवरचं छोटं झाकण हे नेहमीचे गुन्हेगार. जो भाग दाबल्यावर आवाज थांबतो, तो तुमचा भाग.

स्लो मोशन व्हिडिओ काढून सैल स्क्रू ‘बघायचा’ सल्ला काही जण देतात. मला त्यातून कधी काही मिळालं नाही. तारा सुंदर नागमोडी दिसतात, पण स्क्रूची हालचाल इतकी बारीक असते की कॅमेऱ्याला दिसत नाही. कॅमेरा वापरायचाच तर काहीही फिरवण्याआधी ब्रिजचे वरून आणि बाजूने जवळचे फोटो काढून ठेवा. सगळं पूर्ववत करायची वेळ आली तर तेच कामाला येतात.

स्ट्रॅट पद्धतीचा ब्रिज

फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली आणि आज सुरुवातीच्या किमतीतल्या बहुतेक गिटार तिच्याच नमुन्यावर असतात. त्यामुळे तुमच्या हातातही बहुधा हाच ब्रिज असेल. यात प्रत्येक सॅडल दोन बारीक, डोकं नसलेल्या स्क्रूंवर उभं असतं. यांना ग्रब स्क्रू म्हणतात. मागून एक लांब स्क्रू येतो, त्यावर स्प्रिंग. तो सॅडल पुढे-मागे करतो.

खडखडीचं पहिलं कारण: दोन ग्रब स्क्रूंपैकी एकच खालच्या पत्र्याला टेकलेला असतो, दुसरा अधांतरी. दोन पायांचं स्टूल, त्यातला एक पाय आखूड.

माझ्या मावसभावाच्या गिटारचं असंच झालं होतं. बारावीनंतर सुट्टीत काम करून त्याने सेकंडहँड गिटार घेतली. महिनाभरात चौथी तार खडखडायला लागली. एका दुकानात त्याला पूर्ण ब्रिज बदलायला सांगितलं, साडेचार हजार रुपये. गिटारच नऊ हजारांची. तो मला म्हणाला, “दादा, विकूनच टाकतो. कॉलेजच्या बँडमध्ये दुसऱ्या कुणाची तरी वाजवेन.” मी म्हटलं, “विक, पण आधी फोनचा टॉर्च लाव.” ब्रिजच्या बाजूने टॉर्च धरला आणि चौथ्या सॅडलच्या एका स्क्रूखालून उजेडाची फट दिसली. अर्धा फेरा फिरवला, फट मिटली, आवाज गेला. ती गिटार अजून त्याच्याकडेच आहे आणि बँडमध्ये तीच वाजते.

टॉर्चने नीट दिसलं नाही तर बिलाच्या पातळ कागदाची चिंचोळी पट्टी स्क्रूखाली सरकवून बघा. सरकली, तर तो स्क्रू टेकलेला नाही. तार थोडी ढिली करा, स्क्रू घड्याळाच्या दिशेने अगदी थोडा फिरवा. टेकल्याचं बोटाला जाणवतं. तिथून पुढे जोर लावू नका, नाहीतर सॅडल दुसऱ्या बाजूला कलेल. शेवटी तार सुरात आणून पुन्हा कागद लावून बघा.

चावीचं माप इथे फार महत्त्वाचं. आशियात बनलेल्या अनेक गिटारमध्ये १.५ मिमी चावी लागते, तर अमेरिकेत बनलेल्या अनेक फेंडरमध्ये ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिमी. ‘जवळपास बसते’ म्हणून बारीक चावी मोठ्या भोकात फिरवली की भोकाचे कोपरे गोल होतात, आणि मग तो स्क्रू कुठल्याच चावीला दाद देत नाही. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत हे स्क्रू गंजतातही. गंज दिसला तर सॅडल ब्रिजवरून काढून वेगळं ठेवा, स्क्रूवर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाका, रात्रभर थांबा, पुसून मग फिरवा. गिटारवर थेट फवारा मारू नका.

दुसरं कारण स्प्रिंग. सॅडल नेकच्या दिशेने बरंच पुढे असेल तर त्याची स्प्रिंग पूर्ण सैल पडते आणि लांब स्क्रूवर खुळखुळते. ती काढून हाताने किंचित ताणून परत बसवा. नाहीच जमलं तर आत स्पंजाचा बारीक तुकडा खोचा. दिसायला गबाळं, पण चालतं.

ट्रेमोलो आर्म, म्हणजे सूर थरथरवायची ती दांडी, भोकात सैल असेल तर तिच्या आट्यांवर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळा. पाठीमागच्या झाकणाखाली मोठ्या स्प्रिंगा असतात, सहसा तीन. त्या खडखडत नाहीत, पण वाजवणं थांबवल्यावर ‘टुंईं’ असं घुमत राहतात. त्यांच्याखाली फोमची पट्टी सरकवली की शांत होतात.

एक सावधगिरी. ट्रेमोलो ब्रिज तारांचा ताण आणि मागच्या स्प्रिंगांचा ताण यांच्या तोलावर उभा असतो. .०१० ते .०४६ इंचाचा नेहमीचा सेट सुरात असताना सहा तारा मिळून सुमारे ४६ किलोचा ओढा देतात. एक तार ढिली केली की बाकीच्या पाच चढतात. त्याने घाबरू नका, शेवटी सगळ्या एकदम सुरात आणा.

लेस पॉल पद्धतीचा ट्यून-ओ-मॅटिक

दोन खांबांवर आडवा धातूचा पूल आणि मागे तारा अडकवायचा वेगळा टेलपीस, असा ब्रिज असेल तर तो ट्यून-ओ-मॅटिक. गिब्सनने तो १९५४ मध्ये लेस पॉल कस्टमवर आणला. मूळ रचनेला एबीआर-१ म्हणतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर एक बारीक लांब वायर बसवायला लागले. वाजवताना तार तुटली तरी सॅडल निसटून खाली पडू नये, हा तिचा हेतू. पण तीच वायर खडखडीसाठी बदनाम झाली. तुमच्या ब्रिजवर ती असेल तर सगळ्यात आधी तिच्यावर बोट ठेवून वाजवा. आवाज थांबला तर ती काढा, मधोमध अगदी हलका बाक द्या आणि परत बसवा, म्हणजे ती स्क्रूंवर दाबून बसेल. काढूनच ठेवली तरी गिटार वाजते, फक्त तार तुटेल त्या दिवशी सॅडल जमिनीवर शोधायची तयारी ठेवा.

वायर नसेल तर सॅडल हलवणाऱ्या स्क्रूकडे बघा. त्याचं टोक किंवा डोकं ब्रिजच्या भोकात सैल बसलेलं असतं. तार ब्रिजला पुरेशी दाबत नसेल तर ते वाजतं. दाब वाढवायला टेलपीस खाली घ्या: तारा ढिल्या करून त्याचे दोन मोठे स्क्रू घड्याळाच्या दिशेने अर्धा-अर्धा फेरा. ब्रिजवरून मागे जाणारी तार जास्त उतरती झाली की सॅडल घट्ट बसतं. मात्र तार ब्रिजच्या मागच्या कडेला टेकता कामा नये. टेकली तर नवीन खडखड सुरू होते, वर जुना ब्रिज असेल तर तो मध्ये वाकायचीही भीती.

सगळ्या तारा एकदम काढू नका. या गिटारवर ब्रिज आणि टेलपीस तारांच्या ताणामुळेच जागेवर राहतात. तारा निघाल्या की दोन्ही सुटून बॉडीवर पडू शकतात.

जॅझमास्टर आणि जॅग्वार

फेंडरच्या जॅझमास्टर (१९५८) आणि जॅग्वार (१९६२) किंवा त्यांच्या नमुन्यावरच्या गिटारवर खडखड जवळपास ठरलेली असते. त्या आल्या तेव्हा जाड तारा वापरायची पद्धत होती. आज आपण .००९ चा सेट लावतो, टेलपीस ब्रिजपासून लांब असतो, तार सॅडलवर जेमतेम टेकते आणि स्क्रू थरथरून आपोआप खाली जातात. जाड तारांचा सेट, म्हणजे .०११ किंवा त्याहून जाड, हा सगळ्यात साधा उपाय. दुसरा उपाय नेकच्या खोबणीत पातळ पाचर घालून ब्रिज उंच करायचा. तो कसबी माणसाकडून करून घ्या.

सतारीसारखा आवाज येत असेल तर

हा आवाज धातू खुळखुळल्यासारखा नसतो. तारेच्या सुरालाच एक लांब झंकार चिकटलेला असतो. आपल्या कानाला तो लगेच ओळखू येतो, कारण तंबोऱ्यात आणि सतारीत तो मुद्दाम आणतात. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा घासून किंचित गोलसर सपाट करतात, तार त्यावर हलकेच घासत राहते आणि जवारी खुलते. तंबोऱ्यात तर ती नेमकी साधायला तारेखाली सुताचा धागा सरकवतात.

गिटारच्या सॅडलवर तेच नकळत होतं. वर्षानुवर्षं घासून खाच रुंद आणि सपाट झाली की तार एका बिंदूवर न टेकता पृष्ठभागावर लोळते. इथे कुठलाही स्क्रू फिरवून उपयोग नाही. खाच बारीक कानशीने अशी उतरती करावी लागते की तार नेकच्या बाजूच्या कडेवरच टेकेल, किंवा ते एक सॅडल बदलावं लागतं. सॅडल सुटी मिळतात, मात्र घेण्याआधी दोन शेजारच्या सॅडलच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा. साडेदहा आणि अकरा मिलिमीटरच्या आसपासची वेगवेगळी मापं बाजारात आहेत आणि चुकीचं सॅडल शेजाऱ्याला घासतं. मोकळ्याच तारेवर झंकार येतो आणि पहिला फ्रेट दाबताच जातो, असं असेल तर दोष सॅडलचा नसून वरच्या टोकाच्या नटच्या खाचेत आहे.

काय लावायचं, काय नाही

स्क्रू जागेवर आला, पण आठवड्यात पुन्हा सैल झाला, तर त्याला धरून ठेवणारं काहीतरी हवं. घरातलं सगळ्यात सोयीचं म्हणजे पारदर्शक नेलपॉलिश. उंची आणि सूर पक्का झाल्यावर आट्यांवर सुईच्या टोकाएवढा थेंब. पुढे चावी फिरवली की तो तुटतो, त्यामुळे स्क्रू कायमचा अडकत नाही. विकत घ्यायचं तर निळं थ्रेडलॉकर घ्या. लाल घेऊ नका, ते सोडवायला उष्णता द्यावी लागते आणि गिटारच्या पॉलिशला ती परवडत नाही. फेविक्विक तर नकोच. ते आट्यांमधून सॅडलवर पसरतं आणि सॅडल कायमचं बसतं.

तेल टाकून खडखड थांबवायचा मोह होतो आणि ती थांबतेही. पण तेलकट आट्यांमधून स्क्रू आणखी सहज सरकतो, म्हणजे दोन आठवड्यांनी तुम्ही पुन्हा तिथेच.

ग्रब स्क्रू फिरवल्यानंतर उंची एकदा मोजून घ्या. स्ट्रॅटवर सतराव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात साधारण १.६ मिमी अंतर ठेवून सुरुवात करता येते. लेस पॉलवर बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेला २ मिमी, बारीक तारेला १.२ मिमी. अंतर याहून बरंच कमी झालं असेल तर ब्रिजची खडखड जाऊन फ्रेटची सुरू होईल.

ब्रिजचे खांबच लाकडात हलत असतील, ट्यून-ओ-मॅटिक मध्ये खचलेला दिसत असेल किंवा स्क्रूचं भोक आधीच गोल झालं असेल, तर मात्र गिटार दुकानात न्या. जाताना कोणत्या सुरावर आणि कोणता भाग दाबल्यावर आवाज थांबतो हे फोनवर रेकॉर्ड करून न्या आणि काउंटरवर तेच आधी ऐकवा.